वटवाघळाची तोकडी हाक

सुमनकाकूंनी दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणून मी आज पनवेलात आहे. काकांना जाऊन सहा आठवडे झाले. मासेमारी बोटींवरची रडार दुरुस्त करणारे आमचे काका... त्या सकाळी छातीत दुखत होतं, काकू दवाखान्यात चला म्हणत होत्या, आणि हे फोनवर कुणाला तरी वटवाघूळ समजावत बसले होते!

या वटवाघळाने मला सात वर्षं छळलं. मी हिंगोलीकडची, आठवीत शाळा सुटलेली, काकांच्या दुकानात कामाला लागलेली. चुकेन या धास्तीने स्क्रू ड्रायव्हरही काकांच्याच हातात द्यायचे. "रडार म्हणजे वटवाघूळच की," असं गिऱ्हाईक म्हणालं रे म्हणालं, की काका खुर्ची ओढायचे. चहा गार. "सारखं कसं? ते आवाज सोडतं, हे रेडिओलहरी!" मग माझ्याकडे वळून, "सांग गं, सारखं काय?" मी पाठ म्हणायचे, "दोघंही आपलीच हाक परत येताना टिपतात." "आणि?" "जवळचं टिपायचं तर हाक तोकडी करतात. लांबवली तर जवळचं उत्तर त्यातच बुडतं."

हे जगाला शिकवायचं, आणि स्वतःची हाक जन्मात तोकडी करायची नाही! हाताच्या अंतरावरची बायको काय म्हणते ते पोचलंच नाही. राग येतो हो, अजून येतो...

काकांचं दिवसकार्य झाल्यावर मी गावी परतायला बॅग भरली. काकूंनी किल्ली दिली. "उघड दुकान. मी बसते शेजारी." पहिलाच फोन करंजा बंदरातल्या, बोट हाकणाऱ्या एका तांडेलाचा. "काका नाय, मंग आता कोन बगनार? लांबचं दिसतं, जेट्टीजवळ आलो का कायपन नाय दिसत." हत्यारांची पेटी उचलली. बोटीवर जाऊन बघते तर मागच्या दुरुस्तीनंतर रडारची पल्स, म्हणजे त्याची हाक, मीच लांब ठेवून विसरलेली. तसं कबूल केलं, तोकडी केली, पडद्यावर जेट्टी उमटली. "वटवाघूळ कसं, किड्याजवळ गेलं की..." माझं सुरूच झालं. "पुरे गो बाय! काकाच परत आला!" तांडेलाने हात जोडले.

दुकानात येऊन हे सांगितलं तेव्हा काकू काकांच्या खुर्चीत होत्या. ओढून ओढून त्या खुर्चीने फरशीवर चरे पाडलेत. काकू हसल्या, मग म्हणाल्या, "मला कधी नेलं नाही गं बोटीवर. नेतो, नेतो म्हणायचे..."

मी नेईन, काकू. करंजाहून बोटीत बसवेन, पडद्यावर जेट्टी दाखवेन. आणि त्या दिवशी बोलायचं तुम्ही. मी ऐकेन.