ग्रिसेल्दा कशी आहे?

रोसारिओ शहरातल्या त्या प्रयोगशाळेत लामा नावाच्या उंटासारख्या प्राण्याच्या रक्तातून निघालेल्या प्रत्येक प्रतिपिंडाला कुणाचं तरी नाव द्यायची रीत होती. कुणी लाडक्या फुटबॉलपटूचं देई, कुणी सासूचं देऊन सूड उगवी. तिथल्या संशोधक ओतिलियानं आपल्या प्रतिपिंडाला धाकट्या बहिणीचं दिलं, ग्रिसेल्दा. तिथंच घोटाळा झाला.

कर्करोगाच्या पेशीत एक एन्झाइम असतं. मेलं सारखं 'वाढ, वाढ' म्हणून ओरडत असतं. साधी प्रतिपिंडं पेशीच्या दारातच अडतात. लामाचं मात्र इवलंसं. त्याचा जनुक आत सोडला, की पेशी स्वतःच ते घडवते आणि ते त्या एन्झाइमचं तोंड दाबून धरतं. काचेच्या बशीतल्या पेशी वाढायच्या थांबल्या, तशी ओतिलिया हरखून गेली. रविवारी माते, म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा, पिताना बहिणीला म्हणाली, "जाडे, तुझ्या नावानं कमाल केली बघ! आत शिरलं!"

बहिणीच्या स्तनात गाठ होती, केमो सुरू व्हायची होती. पुढं ओतिलिया बशांतच बुडाली. एक दिवस इस्पितळातल्या नर्सनं बाजारात हटकलं, "बहीण एकदाही आली नाही हो तुमची."

ओतिलिया तशीच धावली. ग्रिसेल्दा भोपळा चिरत गुणगुणत होती.

"केमोला का गेली नाहीस?"

"कशाला? केस घालवायला? माझं औषध तू बनवतेयस की. नावसुद्धा माझं!"

"अगं बये, ते बशीत चालतं! तुझ्या अंगातल्या पेशीपेशीत तो जनुक पोचवायचा कसा, तेच आम्हाला जमत नाही."

"जमेल की."

"कधी? आपण दोघी म्हाताऱ्या झाल्यावर?"

ग्रिसेल्दानं सुरी खाली ठेवली. "मग माझं नाव कशाला दिलंस?"

"भीती वाटत होती गं मला. तू मरशील अशी."

"मग इथं येऊन रडायचंस. मला वाटलं, एवढी खुशीत आहेस म्हणजे मी वाचले."

सोमवारी ओतिलिया बहिणीला घेऊन इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ चाचपलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की गाठ आता काखेतही उतरली आहे. केमो आजच सुरू करू, पण आधी आला असतात तर बरं झालं असतं.

ग्रिसेल्दानं ब्लाउजची बटणं लावली. "बघ, या गाठीला कुणी शिकवलं नाही," ती बहिणीला म्हणाली. "आपली आपण आत शिरली."

तिला खुर्चीत बसवून सुई टोचली, तेवढ्यात ओतिलियाचा फोन वाजला. प्रयोगशाळेतून सहकारी विचारत होता, "ग्रिसेल्दा कशी आहे?"

त्याला बशीतली विचारायची होती. ओतिलियाला तिथंच रडू फुटलं.