फुलमणीचा सत्कार

वृंदा आगाशेला सत्कार या प्रकाराचाच वीट आला होता. जन्म बालीगंजातला, नोकरी तिथल्याच शाळेत भूगोल शिकवण्याची, आणि विरंगुळा म्हणून मराठी मंडळ. मंडळात एवढ्या शाली पांघरल्या जात, की कलकत्त्याच्या उकाड्यात नुसतं बघणाऱ्यालाही घाम फुटावा. सत्कारमूर्तीनं आधी ‘छे छे, मी कसला’ म्हणायचं, मंडळींनी आग्रह करायचा, आणि मग मूर्तीनं लाजत खुर्चीत बसायचं, असा रिवाज. वृंदाला त्या लाजण्याचीच जास्त शिसारी यायची.

त्र्याहत्तर साली रघुनाथराव सबनीस अध्यक्ष झाले. बँकेतले साहेब, नागपूरहून बदलून आलेले. कलकत्त्याचं पाणी बाधलं आणि त्यांना आव लागली, ती काही केल्या थांबेना. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, साहेब निम्मे झाले. वृंदाला दया आली. पुढे त्या दयेचाही तिला संताप यायचा.

वृंदाकडे धुणीभांडी करणारी फुलमणी किस्कू बांकुड्याकडची संथाळ, नवरा गेलेली. तिचा बाप गावात औषध देई. त्याला मुलगा नव्हता, म्हणून रानात जाताना टोपली धरायला ही असायची. कुड्याची साल झाडाच्या एकाच अंगाची काढावी, भोवताली सोलली तर झाड मरतं, हे ती टोपली धरूनच शिकली. पण बाईनं ही विद्या शिकायची नाही, असा गावचा दंडक. जाणत्या पुरुषाला ओझा म्हणून मान आणि जाणत्या बाईला डाइन, म्हणजे चेटकीण, म्हणून दगड. वृंदाला त्याचं नवल वाटलं नाही. जाणत्या बायकांचे लाड तिनं मंडळातही कधी पाहिले नव्हते.

फुलमणीनं गाठोड्यातली साल कुटून काढा दिला आणि सबनीस आठवड्यात खडखडीत बरे झाले. औषधाचं मोल घ्यायचं नाही, ही बापाची शिकवण. तिनं हात जोडून एवढंच मागितलं, “साहेब, नाम मत लेना. गाँव में बेटी है.” मुलगी दिराच्या घरी वाढत होती. फाल्गुनात तिचं लग्न ठरलं होतं. नाव का घ्यायचं नाही, हे वृंदानं साहेबांना मराठीत नीट समजावून सांगितलं. साहेब प्रसन्न हसले. “मोठी माणसं असंच म्हणतात हो,” म्हणाले.

मंडळाच्या वार्षिक समारंभाला त्यांनी फुलमणीला बोलावून घेतलं, तेही भांडी घासायला म्हणून. हात ओले होते तसेच दोघांनी तिला व्यासपीठावर नेलं. ती ‘ना, ना’ करत मागे सरायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. जितकी ती नाही म्हणे, तितका टाळ्यांना जोर चढे. वृंदा उठून ओरडली, तिला सोडा म्हणाली, तर शेजारच्या बाईंनी पदर धरून खाली बसवलं. शाल, श्रीफळ, फोटो. बंगाली वर्तमानपत्रात तो फोटो छापून आला, खाली नाव, गाव आणि ‘औषध जाणणारी संथाळ रमणी’.

फुलमणीचा एक चुलतदीर खिदिरपूरच्या गोदीत हमाली करायचा. त्याच्या हातून तो पेपर गावी जाऊन पोचला. मग तो दीर वृंदाच्या दारात आला, पण उंबरा ओलांडला नाही. लग्न होईल, म्हणाला, पण आई दिसली तर वरात माघारी जाईल. पुढेही गावात पाय ठेवू नको, लोक जिवंत सोडणार नाहीत.

वृंदा तशीच सबनीसांकडे गेली आणि सगळं तोंडावर बोलली. सबनीस ‘अरेरे’ म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. तो चहा न पिताच ती परतली.

लग्नाच्या दिवशी फुलमणी नेहमीसारखी कामावर आली. एकच पातेलं घासत बसली होती. वृंदानं तिच्या हातून ते काढून घेतलं.

चैत्रात साहेबांना पुन्हा आव लागली आणि निरोप आला. मरू दे मेल्याला, असं वृंदाच्या अगदी ओठांवर आलं. पण मागेल त्या रोग्याला नाही म्हणायचं नाही, हीही बापाचीच शिकवण. फुलमणीनं गाठोडं झटकून उरलीसुरली साल कुटली. आता गावी जाणं नाही, म्हणजे साल आणणंही नाही. काढा पोचवायचं काम वृंदाच्या नशिबी आलं.

सबनीसांनी नाक दाबून पेला रिकामा केला आणि पुढच्या वेळी जरा जास्त साल मागवून ठेवायला सांगितलं.

“ही शेवटची,” वृंदा म्हणाली.

त्यांना ते ऐकू गेलं नसावं. तोंड पुसत म्हणाले, “बाईंच्या मुलीचं लग्न होतं ना? मंडळातर्फे आहेर पाठवू या.”

“लग्न झालं. आई सोडून सगळे होते.”

सबनीस हळहळले. मग जरा नाराजीनं तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, “का? तुम्ही रजा दिली नाहीत का?”