मांडीवरचं व्हायोलिन

अंकल व्हायोलिन हनुवटीखाली घ्यायच्या आधी एकदा मांडीवर उभं धरायचे, तसाच एक सूर ओढायचे आणि म्हणायचे, "यल्ला, चला, पण हळू." ऑर्केस्ट्रातली पोरं हसायची. तुम्हीही हसला असता. मीही हसले आहे.

माणूस वसईचा, कॅथलिक. शारजाच्या हमरियातल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर, रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन. शेजारच्या कारखान्यात माल तपासणाऱ्या एक चिनी मॅडम होत्या. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमागे बसून त्या अर्हू वाजवायच्या. दोन तारांचं वाद्य, मांडीवर उभं धरायचं. अंकलनी ते ऐकलं आणि डबा तसाच राहिला. मग सहा वर्षं ते एकच सिम्फनी लिहीत होते. भोवती अख्खा पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा आणि मधोमध ह्या दोन तारा.

मॅडमची स्वरलिपी आकड्यांची, एक ते सात. अंकलची चर्चमध्ये शिकलेली, पाच रेघांची. पहिल्या दिवशी मॅडमनी एक धून दिली, तेव्हा अंकलनी एक म्हणजे सी असं धरलं. कागदाच्या कोपऱ्यात एक म्हणजे डी असं लिहिलं होतं, ते पाहिलंच नाही. दोघं डोळे मिटून, अगदी मन लावून, एकमेकांपासून एक सूर लांब वाजवत राहिले. मल्याळी कुकने खिडकीतून विचारलं, "हबीबी, कोई मर गया क्या?" आणि खिडकी लावून घेतली. तेव्हापासून अंकलच्या प्रत्येक पानावर वर रेघा, खाली आकडे.

मी दुबईत, देऱ्यातल्या एका इव्हेंट कंपनीत आहे. पुण्यात कॉलेजात मोर्च्यांची पत्रकं लिहायचे, इथे कार्यक्रमपत्रिका लिहिते. बॉसपुढे अंकलचं नाव मीच रेटलं. मरीनातल्या एका हॉटेलात सिम्फनीचा दुसरा भाग वाजवायचं ठरलं. अंकलची नोकरी संपत आली होती, पाठोपाठ व्हिसा. जायच्या आधी एकदा मॅडमबरोबर हे लोकांसमोर वाजावं, एवढंच त्यांना हवं होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी बॉस म्हणाला, "अर्हू कीबोर्डवर आहे ना? सेम साउंड. त्या लेडीला कॅन्सल कर. खलास."

अंकलनी कीबोर्डच्या दोन पट्ट्या दाबून पाहिल्या. "सर, ह्याच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर जायचा रस्ताच नाय."

"अंकल, पब्लिकला काय कळतंय?"

"कळतं, म्हणून तर वाजवतो ना आपण."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रिन्सिपॉलच्या दारात घोषणा देणारी मी, फोनमध्ये बघत बसले. डिझाइनमध्ये गर्दी होते म्हणून पत्रिकेतून दोघांची नावं उडाली, त्यालाही मीच ओके दिला होता. वर सोनेरी अक्षरात 'पूर्व-पश्चिमेचा संगम'. ते शब्द माझे. संगम विकायचा आणि ज्यांनी तो घडवला त्यांना बाहेर ठेवायचं, ह्याला लबाडी म्हणतात. त्या लबाडीचा मजकूर मी लिहिला.

अर्हूची जागा आली, कीबोर्ड वाजला, आणि ऑर्केस्ट्राच्या दुसऱ्या रांगेत अंकलनी व्हायोलिन मांडीवर उभं केलं. वाजवलं नाही. नुसतं धरून बसले. टाळ्या जोरात पडल्या.

बाहेर गेटवर मॅडम उभ्या होत्या, वाद्य पाठीला लावून. यादीत नाव नाही म्हणून सिक्युरिटीने आत सोडलं नव्हतं. त्यांना कळवायचं काम माझं होतं. मला धीर झाला नव्हता.

अंकलनी त्यांच्या पाठीवरचं वाद्य स्वतःच्या खांद्यावर घेतलं. माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "पोरी, जेवलीस का तू?"

अंकल वसईला परतले आणि वर्षाच्या आत वारले. ह्या वेळी कळवायला मी स्वतः हमरियाला गेले. मॅडमनी ऐकून घेतलं, पिशवीतून ते रेघा-आकड्यांचे कागद काढले आणि वाजवायला लागल्या. मधेच थांबल्या. मला वाटलं, रडतायत. पण गज हवेत धरलेला होता आणि पायाचा अंगठा मात्रा मोजत होता.

"अंकल टर्न," त्या म्हणाल्या.

कॅन्टीनमागे नुसती एसीची घरघर. व्हायोलिनच्या सगळ्या मात्रा त्यांनी पूर्ण होऊ दिल्या. मग पुढचा सूर ओढला, हळू.