तेर्योची मोजणी

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार. सकाळी ढगाळ. वारा ईशान्येचा, हलका. साडेसहाला तेर्यो होडी घेऊन बुगतोनला गेला, दुपारी दोनला परतला. जेवला नाही. चार घरटी फुटली. मेलेली पिल्ले ३४१. हिरव्या वहीत नोंद अजून केलेली नाही.

माझ्या रोजनिशीत त्या दिवसाच्या पानावर एवढेच आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिग्नांनी आम्हा मुलींना शिकवले होते, की आधी घडले ते लिहावे आणि मत शेवटी, तेही जागा उरली तर. त्या पानावर जागा पुष्कळ उरली होती.

तेर्यो, म्हणजे एलेउतेरियो कासिपोंग, माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही दोघे बुगतोन बेटावरचे. तो मासेमारी करायचा, माझा नवरा फिदेल तिथल्या शाळेत शिकवायचा. अकरा वर्षांपूर्वीच्या वादळात बेटावरची एकसष्ट माणसे गेली. फिदेल गेला, तेर्योची बायको पुरिंग गेली. त्यांना तिथेच किनाऱ्यालगत पुरले आणि उरलेल्यांना सरकारने इकडे, मोठ्या बेटावर आणून वसवले. बुगतोनवर पुन्हा घर बांधायचे नाही, असा हुकूम निघाला.

दुसऱ्या वर्षी वनखात्याला तिथे एक राखणदार हवा होता. भरतीओहोटी पाठ असलेला तेर्योच होता. दर सोमवारी आणि गुरुवारी तो वल्हवत जायचा, वाळूतली कासवांची घरटी शोधून प्रत्येकाजवळ बांबूची काठी रोवायचा आणि परत येऊन माझ्या ओसरीवर बसायचा. त्याला सही करता येते, लिहिणे जमत नाही. तो सांगायचा, मी हिरव्या वहीत उतरवायची. महिनाअखेरी वही खात्याकडे जायची.

पहिल्या वर्षी दोन घरटी होती. गेल्या वर्षी सत्तेचाळीस.

"विहिरीत मांडीएवढी जाड मुळं उतरलीत, नांग," तो सांगायचा. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला नांग म्हणतात. "शाळेच्या वर्गात घोरपड अंडी घालते. आपण डायनामाइट टाकून फोडलेलं पोवळं परत आलंय. मासे इतके की वल्ह्याला लागतात."

"मग चांगलं आहे की."

"चांगलंच आहे. आपण गेलो म्हणून चांगलं आहे." तो हे असे सांगायचा जसे एखादा डॉक्टरने सांगितलेले दुखणे सांगतो. "अकरा वर्षांत त्या बेटाला आपली एकदासुद्धा आठवण झाली नाही."

मी म्हणाले, "देवाने सगळ्यात शेवटी माणूस केला तो या सगळ्याची देखभाल करायला."

"शेवटी केला ना? म्हणजे तोवर सगळं नीट चाललेलं होतं."

मी त्याला कॉफी दिली आणि गप्प बसवले.

पण याच माणसाने तीन वर्षे खात्याच्या पायऱ्या झिजवल्या. त्याला खोकला होता, छातीतून शिट्टी वाजायची आणि दरवर्षी ती जरा जवळून ऐकू यायची. पुरिंगच्या शेजारी एक जागा रिकामी आहे. ती त्याने स्वतः दगड लावून राखली होती. त्याला तिथे जायचे होते, बाकी काही नको होते. शेवटी खात्याच्या मिस हेर्वासियोने तोडगा काढला. मृतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, एक दिवस लोकांना जाऊ द्यायचे. सूर्य मावळायच्या आत परत. बेटाला काही इजा झाली नाही तर दरवर्षी परवानगी, आणि ज्यांचे नवरे-बायका तिथे पुरले आहेत त्यांना तिथेच पुरण्याचीही. इजा झाली की नाही ते हिरव्या वहीवरून ठरणार होते.

एक तारखेला सतरा होड्या निघाल्या. लोकांनी केळीच्या पानातला चिकट भात, भाजलेले डुक्कर, कोयते, चुना आणि झेंडूच्या माळा घेतल्या होत्या. मी अकरा वर्षांनी बुगतोनवर पाय ठेवला.

कोणी काही म्हणो, मला तिथे भीती वाटली. आमच्या घराकडे जाणारी वाट नव्हती. चर्चची फरशी मुळांनी उचलून फोडली होती आणि वेदीच्या जागी एक झाड सरळ छपरातून वर गेले होते. घंटेत गांधीलमाश्यांनी घर केले होते. पक्षी आम्हाला पाहून उडाले नाहीत. आम्ही बोलत होतो तेव्हा ते आमच्याकडे बघत होते, आणि आम्ही कधी जातो याचीच ते वाट पाहत आहेत असे मला वाटले. फिदेलची कबर वेलींखाली सापडायला एक तास लागला.

थडगी साफ झाली, चुना लागला, जेवणे झाली. मग मेणबत्त्या. प्रत्येक कबरीवर चार-पाच, काहींवर दहा. तेर्योने पुरिंगसाठी मनगटाएवढी जाड मेणबत्ती आणली होती, रात्रभर पुरेल अशी.

चार वाजता तो सगळ्यांमधून फिरू लागला. "निघताना विझवा. उजेड ठेवू नका. पिल्लं समुद्र समजून उजेडाकडे जातात."

पुरिंगची थोरली बहीण बासिंग कबरीवर बसून पान लावत होती. "मेलेल्याची मेणबत्ती फुंकायची? तुझ्या आईने हेच शिकवलं का रे तुला? ती आपली आपण विझायची. अंधारात सोडून जायचं का माझ्या बहिणीला?"

"नांग बासिंग, खात्याने सांगितलंय—"

"खात्याची आई इथे पुरलीय का? दहा वर्षं तू कासवांना जपलंस. एक रात्र बायकोला जप."

आजूबाजूचे हसले. तेर्यो हसला नाही. तो किनाऱ्यावर गेला आणि काठ्या बघून आला. माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "या बाजूला चारच घरटी आहेत. पिल्लं बाहेर यायला माझ्या हिशेबाने अजून बारा दिवस आहेत. तुमच्या वहीत काय आहे?"

मी घरून निघताना पाहून ठेवले होते. "चारही एकाच रात्रीची. बारा दिवस."

त्याने पुरिंगच्या कबरीकडे पाहिले. वारा बेटाच्या पलीकडून होता, ज्योत हलत नव्हती.

"मग राहू दे," तो म्हणाला.

साडेपाचला आम्ही पाण्यात होतो. मागे वळून पाहिले तर निर्मनुष्य बेटाच्या काठावर तीनशे ज्योती जळत होत्या. बासिंग म्हणाली, "बघ, गाव परत आल्यासारखं वाटतं." मलाही तसे वाटले. छान वाटले, हेही लिहिले पाहिजे.

त्या वर्षीचा उन्हाळा आठवा. आमच्याकडे ऑक्टोबरातही पाऊस नव्हता, वाळूवर अनवाणी चालवत नव्हते. तापलेल्या वाळूत अंडी लवकर फुटतात. हे तेर्योला माहीत होते, पण त्याचा हिशेब जुन्या वर्षांचा होता, आणि माझ्या वहीतही तोच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या ओसरीवर बसला. त्याच्या हातांना मेण लागलेले होते.

"समुद्राकडे एकही माग नाही," तो म्हणाला. "सगळे माग वर चढलेत. दफनभूमीकडे. मेणात अडकलेली होती, कबरींच्या फटीत होती. मुंग्या आल्या होत्या, खेकडे आले होते. घोरपड तर कबरीवर बसून खात होती, मला पाहून हललीसुद्धा नाही. मी सगळी गोळा करून मोजली. तीनशे एक्केचाळीस."

तो नखाने हातावरचे मेण खरवडू लागला.

"सगळ्यात जास्त पुरिंगपाशी. माझी मेणबत्ती सकाळीही जळत होती."

मी त्याला पाणी दिले. ते त्याने हातात धरून ठेवले. मग मी जे बोलले ते सिस्टर बेनिग्नांनी ऐकले असते तर त्यांनी मला गुडघ्यांवर बसवले असते. मी म्हणाले, "तेर्यो, घोरपडी घरटी उकरतात. चार घरटी घोरपडींनी खाल्ली असं लिहिता येईल. तिकडे बघायला दुसरं कोण जातं?"

"तुम्हाला फिदेलदादाशेजारी जायचंय म्हणून म्हणताय."

"हो. आणि तुला पुरिंगशेजारी."

त्याने पाणी खाली ठेवले. खोकला आला, शिट्टी वाजली, थांबली.

"नांग, आपण तिथे राहत होतो तेव्हा आपण जाळी टाकून मारत होतो, डायनामाइट टाकून मारत होतो. तेव्हा मी म्हणायचो, पोटासाठी. कालचं कशासाठी? काल तर कोणाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. फुलं घेऊन गेलो होतो." तो थांबला. "वाईट मनात नसूनही हे होतं. एका दिवसात. मग तिथे माझं प्रेत तरी कशाला? माझ्यामागे दरवर्षी माझी पोरं येतील, मेणबत्त्या घेऊन."

"त्यांना सांगता येईल."

"काल मी सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

मी हिरवी वही उघडली.

"लिहा," तो म्हणाला. "तीनशे एक्केचाळीस. आणि कारण लिहा. मेणबत्त्या. राखणदाराची सुद्धा."

मी लिहिले. त्याने सही केली. नाव पूर्ण करायला त्याला नेहमीसारखाच वेळ लागला.

मिस हेर्वासियो स्वतः आली, रागावली नाही. तिने ओसरीवर बसून कॉफी घेतली आणि जानेवारीत पत्र पाठवले. बुगतोन बेट माणसांसाठी कायमचे बंद. राखणदारालाही किनाऱ्यावर उतरायची मनाई. दुर्बिणीने होडीतून बघायचे. बासिंगने गावभर सांगितले, की तेर्योने आपल्याच मेलेल्यांना विकले. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसेना.

तो तरीही सोमवारी आणि गुरुवारी जायचा. होडी दूर उभी करून बघायचा. फेब्रुवारीत एकदा तो मला म्हणाला, "परवा किनाऱ्यावर गेल्या वर्षीची चुन्याची खूणसुद्धा दिसली नाही. वेल चढलीय कबरींवर. तीन महिन्यांत." त्याच्या आवाजात दुःख होते की समाधान, ते मला कळले नाही.  त्या बेटाला आम्हाला पुसायला इतका कमी वेळ लागतो.

मार्चच्या सात तारखेला तेर्यो गेला. दोन दिवसांनी त्याला इकडच्या नव्या दफनभूमीत, हमरस्त्याकडेला पुरले. ट्रक गेले की तिथली माती हादरते. कोणी मेणबत्ती आणली नव्हती. बासिंगच शेवटी घरी गेली आणि एक घेऊन आली. लावली, आणि निघताना वाकून तिने ती फुंकली.

त्या रात्री मी रोजनिशीत लिहिले: ९ मार्च २०२५, रविवार. कडक ऊन, वारा नाही. तेर्योचे दफन सकाळी दहाला. तांदळाच्या डब्यात मुंग्या झाल्या होत्या. दुपारी तांदूळ अंगणात पसरले, संध्याकाळी पाखडून पुन्हा भरले.