ताईच्या बायका

माझ्या ताईचा जीव मेलेल्या बायकांवर. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर इतिहासातल्या कर्तबगार स्त्रियांचं दालन आहे, तिथे आल्यागेल्याला माहिती सांगणं हे तिचं काम. आधी ती खाली तिकीट खिडकीवर बसायची. तेव्हा बरी होती. वर गेली आणि आम्हांला पारखी झाली.

जेवताना विषय काय, तर जहाज हाकणारी बाई, गावातली पहिली डॉक्टरीण, नवऱ्यामागे छापखाना चालवणारी. "माझ्या बायका" म्हणते त्यांना. त्यांच्या तसबिरी स्वतः पुसते, शिपायाला हात लावू देत नाही. त्यातही सगळ्यांत लाडकी ती ताऱ्यांचे नकाशे काढणारी. तिचा विषय निघाला की ताईचा आवाज मऊ होतो. मला तिनं त्या आवाजात कधी हाक मारलेली नाही. मी आपली रोजची, घरातली. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

जळत होते, सरळ सांगते. सवतीवर कोणी जळणार नाही इतकी. पण दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? जिवंत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या.

इस्त्रीचं दुकान उघडलं त्या दिवशी मात्र हद्द झाली. माझं स्वतःचं दुकान. शेजारीपाजारी आले. जिला माझं काही चांगलं बघवत नाही ती जाऊसुद्धा आली, वर पेढे खाऊन गेली. ताई नाही. तिचा निरोप आला, शाळेच्या मुली येणार आहेत, निघता येत नाही. मी शटर ओढलं आणि तडक संग्रहालय गाठलं. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचा. त्या बायका तरी, नाहीतर मी तरी.

वर मुलींचा घोळका होता. मी दाराशीच थांबले. ताई त्या तारेवालीच्या तसबिरीखाली उभी होती, आणि आवाज तोच, मऊ.

"ही सात वर्षांची असताना शेजारच्यांच्या कौलांवर चढली. कशाला? तर चांदणी जवळून बघायला. खाली सगळ्यांचा आरडाओरडा. आणि ही वरून म्हणते कशी, 'शिडी आणा, पण सावकाश आणा. माझं बघून व्हायचंय.'"

मुली हसल्या. मी कान टवकारले.

"उतरताना पडली. हनुवटी फुटली, टाके पडले. पण रडली म्हणाल तर अजिबात नाही. एकटी चालत वैद्याकडे गेली."

"चित्रात टाक्यांची खूण नाहीये पण," एक चष्मेवाली म्हणाली.

"चित्रकार लबाड होता," ताईनं पापणी न लववता सांगितलं.

माझा हात माझ्या हनुवटीवर गेला. टाक्यांची खूण तिथे आहे. कौलांवर मी चढले होते, आणि चांदणी कसली, अडकलेला पतंग काढायला. या बयेनं माझं लहानपण उचलून, झाडून पुसून त्या बाईला देऊन टाकलं होतं. सगळी माया तिला दिलीच होती, आता माझी हनुवटीही दिली.

मुली खाली उतरल्यावर मी ताईला गाठलं. "चोर आहेस तू. ते माझं होतं."

ताई दचकली. हातातलं फडकं उगाच घडी करत बसली. "अगं, हिच्या लहानपणाचं कुठे काहीच लिहिलेलं नाही. आणि मुली नेमकं तेच विचारतात, लहानपणी कशी होती. आता धीट पोर मी आयुष्यात एकच पाहिली. तिचंच सांगते."

मी विरघळलेच असते, पण नाकावरचा राग उतरायला वेळ लागतो. "मग एकटी चालत गेली काय म्हणतेस? तू मला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळाली होतीस. तुझा फ्रॉक माझ्या रक्तानं भिजला होता. तेवढंच बरं गाळलंस?"

"तिला बहीण नव्हती," ताई म्हणाली. "एकुलती एक होती. ते मात्र लिहिलंय, बघ खाली."

मी पाटी वाचली. खरंच तसं लिहिलं होतं. पुन्हा वाचली. इतकी वर्षं जिच्यावर जळले, तिच्याबद्दल पहिल्यांदाच वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त बरं वाटलं.