तळघरातली तालीम

लुविनियामावशीच्या हातात जादू होती. अलाबामातल्या त्या गावच्या काळ्या बायका दर शनिवारी तिच्याकडे केस सरळ करून घ्यायला यायच्या. चुलीवर तापवलेली लोखंडी फणी ती अशी अलगद फिरवायची, की कानाला कधी चटका लागायचा नाही.

सोमवारी त्यांची पोरं निषेध म्हणून बाजारातल्या उपाहारगृहात, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या टेबलांवर जाऊन बसणार होती. कुणी मारलं तरी हात उचलायचा नाही, हा नियम. त्याची तालीम चर्चच्या तळघरात चालली होती, आणि गोऱ्या गुंडांचं सोंग आपल्याच माणसांनी घ्यायचं होतं. व्हर्नेल मोठी तापट पोर. आज ती उसळली, तर सोमवारी तिला घरीच बसावं लागणार होतं.

"मावशी, शिव्या द्या की!" पाद्रीबुवा गुंड झालेल्या मावशीला म्हणाले.

"ऊठ गं, बये," मावशी पुटपुटली.

"असल्या गुंडाला तर मी जेवायला वाढीन!" व्हर्नेल हसली.

"दात काढू नकोस. सोमवारचा गुंड हसवायला येणार नाही," पाद्रीबुवांनी दटावलं.

मावशीने पाण्याचा जग उचलला. पाणी लागलं की सरळ केलेले केस पुन्हा आकसतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? सकाळीच दोन तास खपून तिने ते केस केले होते. तिने जग व्हर्नेलच्या डोक्यावर उपडा केला.

व्हर्नेलच्या मुठी आवळल्या. मग हळूहळू उघडल्या. हात टेबलावर ठेवून ती म्हणाली, "एक कॉफी द्या."

रडू कोसळलं ते मावशीला.

पाद्रीबुवांनी व्हर्नेलचं नाव लिहून घेतलं. "मावशी, तुमचंही लिहू?"

"नको रे बाबा! तिच्या केसांवर कुणी पाणी ओतलं, तर मी त्याचं टाळकंच फोडीन."