अंटार्क्टिकात घाम

सज्जनहो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. मला भर अंटार्क्टिकात घाम आला.

लालबागच्या आमच्या मंडळाचा देखावा करणारा नंदू आणि मी पोरांना घेऊन एका अम्युझमेंट पार्कात गेलो होतो. तिथल्या 'अंटार्क्टिका'त प्लास्टिकच्या पेंग्विनच्या पाठीशी टेबलफॅन घरघरत होता. नंदू सवयीने हिमनगामागे डोकावला आणि हसत परतला.

"भाऊ, मागे नुसतं कोरं प्लाय! इथे पाळणे खरे, बाकी वरवरचा रंग. खऱ्या थीम पार्कात सगळीकडे एकच गोष्ट रचलेली, रांगेतली कचरापेटीपण त्या गोष्टीतली असते."

"मागून बघतंय कोण रे?" मी बोललो आणि जीभ चावली. गेल्या वर्षी मंडळाच्या मीटिंगमध्ये हेच बोलून मी त्याच्या देखाव्यातल्या गुहेची मागची बाजू रंगवू दिली नव्हती. लोक बाहेर पडत होते ते नेमके तिथूनच. नंदूने तेव्हा रंगाचे डबे बंद करून ठेवले होते. आज तो पोरांना घेऊन पुढच्या पाळण्याकडे वळला.

मग एकाही पाळण्यात माझं मन लागेना.

संध्याकाळी तडक मंडपात गेलो. यंदाच्या किल्ल्याची पाठ नंदूने स्वतःहूनच कोरी सोडली होती. तुमच्या एखाद्या वाक्याने कुणी असं अर्ध्यावर थांबायला शिकलंय का हो?

मी ब्रश उचलला आणि त्या कोऱ्या पाठीवर दगड रंगवायला लागलो.

"भाऊ, दगड असा गुळगुळीत नसतो," नंदू मागून म्हणाला.

मी तो दगड पुन्हा रंगवला.